संगणक चालू होताच मेल प्रोग्राम गुपचूप सुरू व्हावा, यासाठी नेमकं काय करायचं

प्रश्न असा आहे. गोव्यात फोंडा तालुक्यात सावईवेऱ्याकडे एक ताई घरातल्याच काही खोल्या पाहुण्यांना भाड्याने देतात. बुकिंगची चौकशी बहुतेक मेलवर येते आणि मेल त्या विंडोजवरच्या थंडरबर्डमध्ये बघतात. पावसाळ्यात लाइट जाते-येते. संगणक पुन्हा चालू केला जातो, पण थंडरबर्ड उघडायचं राहून जातं, आणि सकाळी आलेली चौकशी संध्याकाळी दिसते. तोवर पाहुण्यांनी दुसरीकडे खोली घेतलेली असते. म्हणून त्यांनी थंडरबर्डचा शॉर्टकट स्टार्टअप फोल्डरमध्ये टाकला. आता तो आपोआप उघडतो, पण अख्खा पडदा अडवून, आणि बऱ्याचदा सर्व्हरशी जोडणी झाली नाही असा निरोप दाखवत. त्यांना तो मागच्या मागे सुरू झालेला हवा आहे. कोपऱ्यात बसावा आणि मेल आली की तेवढं सांगावं. शिवाय लाइट आल्यावर संगणक आपोआप चालू करता येईल का, असंही त्या विचारतात.

ताई, यातला खिडकी लहान करून उघडण्याचा भाग पाच मिनिटांचा आहे. खरं काम त्यापुढे आहे. नेट येण्याआधी प्रोग्राम सुरू होता कामा नये, आणि सुरू झाल्यावर त्याने तुम्हाला एकही प्रश्न विचारता कामा नये. बहुतेक ठिकाणी पहिला भाग करून काम झालं असं धरतात आणि मग पावसाळा आला की तक्रारी सुरू होतात. म्हणून तिन्ही गोष्टी सांगतो.

आधी, हे मनावर का घ्यायचं ते बघा. समजा संगणक चालू करून तुम्ही लगेच परदेशी पाहुण्यांच्या नोंदीचा फॉर्म भरायला घेतलात. तो पाहुणा आल्यापासून २४ तासांत ऑनलाइन द्यावा लागतो, त्यामुळे घाई असतेच. तुम्ही पासपोर्टकडे बघून नाव टाइप करताय आणि मध्येच थंडरबर्डची खिडकी पुढे येते. पुढची अक्षरं फॉर्ममध्ये न जाता थंडरबर्डमध्ये जातात. थंडरबर्डमध्ये एकेका अक्षराला काम नेमून दिलेलं आहे. यादीत एखादी मेल निवडलेली असेल तर नुसतं ए दाबलं की ती अर्काइव्हमध्ये जाते, जे दाबलं की जंक ठरते, एम दाबलं की वाचलेली-न वाचलेली अशी खूण बदलते. पासपोर्टवरचं एखादं नाव असं भलत्या जागी टाइप झालं तर बुकिंगची मेल इनबॉक्समधून नाहीशी होऊ शकते, आणि कुठे गेली ते कळतही नाही. नाहीशी झालीच असेल तर अर्काइव्ह आणि जंक हे दोन फोल्डर आधी तपासा.

आता कामाला लागू. सुरुवात थंडरबर्डच्या आतून करा. सेटिंग्जमध्ये जनरलखाली एक पर्याय आहे: थंडरबर्ड मिनिमाइज केला की तो ट्रेमध्ये हलवायचा. ट्रे म्हणजे घड्याळाशेजारची लहान चिन्हांची जागा. विंडोजसाठी ही सोय ७८ व्या आवृत्तीपासून आहे, म्हणजे २०२० पासून. त्यावर खूण करा. एक लक्षात ठेवा, हा पर्याय मिनिमाइजचा आहे, बंद करण्याचा नाही. वरच्या कोपऱ्यातली फुली दाबली तर थंडरबर्ड ट्रेमध्ये न जाता सरळ बंद होतो आणि मेल येणं थांबतं. घरात त्या संगणकावर जे जे बसतात त्यांना हे एकदा दाखवून ठेवा: आडवी रेघ दाबायची, फुली नाही. सगळं बसवून दिल्यावरही मेल येत नाही म्हणून फोन येतो, तेव्हा मी पहिल्यांदा फुलीबद्दलच विचारतो.

मग शॉर्टकट. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबलं की रनची चौकट उघडते. तिथे इंग्रजी अक्षरांत शेल, मग कोलन, मग स्टार्टअप असं मध्ये जागा न सोडता लिहून एंटर दाबा. उघडलेल्या फोल्डरमध्ये तुम्ही टाकलेला शॉर्टकट दिसेल. त्याच्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. शॉर्टकटच्या पानावर रन नावाची ओळ आहे. तिथे नॉर्मल विंडोऐवजी मिनिमाइज्ड निवडा आणि ओके करा. साइन आउट करून पुन्हा आत या. थंडरबर्ड लहान होऊनच सुरू होईल आणि ट्रेचा पर्याय चालू असल्यामुळे कोपऱ्यात जाईल. तुमच्या आवृत्तीत तो ट्रेमध्ये न जाता खालच्या पट्टीवर बसून राहिला, तरी त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर शोधत बसू नका. पडदा मोकळा राहिला की आपलं काम झालं.

विंडोज ११ नवी चिन्हं बाणाखाली लपवून ठेवतं. सेटिंग्जमध्ये पर्सनलायझेशन, त्यात टास्कबार, त्यात अदर सिस्टम ट्रे आयकॉन्स असं जाऊन थंडरबर्ड चालू करा, म्हणजे चिन्ह कायम डोळ्यांसमोर राहील. ते चिन्ह दिसतंय का यावर एक नजर टाकली की मेल चालू आहे की नाही कळतं.

ज्यांच्याकडे लाइट फारशी जात नाही त्यांना एवढ्यावर थांबता येईल. गोव्यात गावाकडे राहणाऱ्यांना नाही येणार.

कारण हे. लाइट आली की संगणक आणि राउटर एकाच वेळी उठतात. एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, असलेला आजचा संगणक अर्ध्या मिनिटात तयार असतो. फायबरचा डबा आणि राउटर मात्र दिवे लुकलुकवत दोन-तीन मिनिटं घेतात. थंडरबर्ड त्याआधीच सर्व्हरकडे धाव घेतो, तिथे कोणी भेटत नाही, आणि तो निरोप पडद्यावर येतो. तुम्ही पाहिलेला निरोप हाच. पासवर्ड चुकला की काय अशी शंका येऊन लोक तो बदलायला जातात आणि नसलेला घोटाळा उभा करतात. पासवर्डला हात लावू नका. थंडरबर्डला तीन मिनिटं थांबवून ठेवा, बस.

स्टार्टअप फोल्डरमध्ये थांबायची सोय नाही. ती विंडोजच्या टास्क शेड्यूलरमध्ये, म्हणजे ठरवून दिलेल्या वेळी कामं सुरू करणाऱ्या प्रोग्राममध्ये आहे. नाव ऐकून बिचकू नका, पण तिथल्या काही खुणा आधीपासून केलेल्या असतात आणि त्या आपल्या कामाच्या नेमक्या उलट असतात. म्हणून हा भाग सावकाश वाचा.

स्टार्टच्या शोधात टास्क शेड्यूलर लिहून तो उघडा. उजवीकडे क्रिएट बेसिक टास्क आणि क्रिएट टास्क असे दोन पर्याय दिसतील. दुसरा घ्या. बेसिकमध्ये उशिराची वेळ देता येत नाही.

जनरलच्या पानावर काहीही नाव द्या. वापरकर्ता लॉग ऑन असतानाच चालवायचं, हा पर्याय निवडलेला असू द्या. खाली रन विथ हायेस्ट प्रिव्हिलेजेस असं आहे, त्यावर खूण करू नका. जास्त अधिकार दिले तर काम पक्कं होईल असं वाटतं, पण ॲडमिनच्या अधिकाराने चालणाऱ्या खिडकीत फाइल एक्सप्लोररमधून फाइल ओढून टाकता येत नाही. विंडोज ते सुरक्षेसाठी अडवतं. मग खोल्यांचे फोटो मेलला जोडायला गेलात की ओढलेली फाइल पडतच नाही, आणि त्याचं कारण इतक्या दूरच्या खुणेत असेल असं कोणाच्या मनातही येत नाही.

ट्रिगर्समध्ये न्यू दाबा. बिगिन द टास्क या यादीतून ॲट लॉग ऑन निवडा. ॲट स्टार्टअप निवडू नका. ते कोणी आत येण्याआधी चालणाऱ्या कामांसाठी आहे आणि खिडकी असलेल्या प्रोग्रामला तिथे चालवण्यात अर्थ नाही. कुठल्या वापरकर्त्यासाठी ते विचारलं की तुमचंच खातं ठेवा. खाली डिले टास्क फॉरची यादी आहे. तीत ३० सेकंद, १ मिनिट आणि त्यानंतर एकदम ३० मिनिटं असा क्रम दिसतो. गोंधळू नका, त्या चौकटीत हातानेही लिहिता येतं. इंग्रजीत ३ मिनिट्स असं लिहा. तुमचा राउटर किती वेळ घेतो ते एकदा घड्याळ लावून बघा आणि त्यात थोडी भर घाला.

ॲक्शन्समध्ये न्यू दाबल्यावर प्रोग्रामचं नाव विचारतात. इथे थेट थंडरबर्ड दिलात तर तो पूर्ण खिडकीत उघडेल, कारण शेड्यूलरमध्ये मिनिमाइज्डचा पर्याय नाही. म्हणून कमांड प्रॉम्प्टकरवी सांगायचं. प्रोग्रामच्या चौकटीत सीएमडी एवढंच लिहा. ॲड आर्ग्युमेंट्सच्या चौकटीत इंग्रजी अक्षरांत हे क्रमाने, प्रत्येकाच्या मध्ये एक जागा सोडून: स्लॅश-सी, स्टार्ट, दुहेरी अवतरणचिन्हांची एक रिकामी जोडी, स्लॅश-मिन, आणि शेवटी थंडरबर्डच्या प्रोग्राम फाइलचा पूर्ण पत्ता अवतरणचिन्हांत. पत्ता हाताने लिहू नका. प्रोग्राम फाइल्समधल्या मोझिला थंडरबर्ड फोल्डरमध्ये ती फाइल शोधा, शिफ्ट धरून राइट क्लिक करा आणि कॉपी ॲज पाथ घ्या. पत्ता अवतरणचिन्हांसकट मिळतो.

ती रिकामी जोडी बघून लोकांना वाटतं की काहीतरी लिहायचं राहिलं, आणि ते ती काढून टाकतात. काढू नका. स्टार्ट ही आज्ञा अवतरणचिन्हांतला पहिला मजकूर खिडकीचं शीर्षक म्हणून घेते. रिकामी जोडी नसेल तर थंडरबर्डचा पत्ताच शीर्षक होऊन बसतो आणि थंडरबर्डऐवजी नुसती काळी खिडकी उघडते. जोडी असली की काळी खिडकी क्षणभर चमकून जाते आणि थंडरबर्ड खाली सुरू होतो.

आता कंडिशन्सचं पान. लॅपटॉप वापरणाऱ्यांचं काम सगळ्यात जास्त इथे बिघडतं. संगणक विजेवर असेल तरच काम सुरू करा, ही खूण आधीपासून असते. तिच्याखाली संगणक बॅटरीवर गेला तर काम थांबवा, हीही असते. म्हणजे लाइट नसताना लॅपटॉप चालू केलात तर मेल सुरूच होणार नाही. डेस्कटॉपवाल्यांनीही हे बघावं, कारण यूपीएस यूएसबीच्या वायरने जोडलेला असेल तर विंडोज त्याला बॅटरीच समजतं. दोन्ही खुणा काढा. त्याच पानावर नेटची जोडणी असेल तरच सुरू करा अशीही अट घालता येते. मी ती घालत नाही. घरातलं वायफाय आधी उठतं आणि बाहेरचं नेट नंतर येतं, त्यामुळे मोजून दिलेला उशीर मला जास्त भरवशाचा वाटतो.

शेवटच्या सेटिंग्जच्या पानावर काम ३ दिवसांपेक्षा जास्त चाललं तर थांबवा, अशी खूण असते. तीही काढा. वर सांगितल्याप्रमाणे कमांड प्रॉम्प्टकरवी चालवलंत तर शेड्यूलरच्या हिशेबी काम लगेच संपतं आणि ही अट लागू पडत नाही. पण पुढे कोणी तिथे थेट थंडरबर्डचा पत्ता घातला, तर चतुर्थीला संगणक चालू ठेवून घरचे गणपतीच्या गडबडीत असताना मेल आपोआप बंद पडेल.

एवढं झालं की स्टार्टअप फोल्डरमधला जुना शॉर्टकट काढून टाका. हे विसरू नका. थंडरबर्ड आधीच चालू असताना त्याला पुन्हा हाक मारली की तो खिडकी समोर आणतो, म्हणजे ट्रेमध्ये गेलेला थंडरबर्ड तीन मिनिटांनी पडद्यावर येणार. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप ॲप्समध्येही तो दुसरीकडून आलेला नाही ना ते बघा. आणखी एक जागा आहे जी पटकन सुचत नाही: विंडोजच्या सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, त्यात साइन-इन ऑप्शन्स. साइन आउट करताना चालू असलेली ॲप्स पुन्हा साइन इन केल्यावर उघडायची असा पर्याय तिथे आहे. तो बंद ठेवा, नाहीतर तुम्ही न सांगताही काही प्रोग्राम आपले आपण उघडतात आणि दोष शेड्यूलरवर जातो.

आता थंडरबर्डचे प्रश्न बंद करू. मी डीफॉल्ट मेल प्रोग्राम आहे का, हे दर वेळी तपासण्याची खूण सेटिंग्जच्या जनरलमध्ये आहे. एकदा त्याला डीफॉल्ट करा आणि ती काढा. सुरू होताना स्टार्ट पेज दाखवण्याची खूणही तिथेच आहे, तीसुद्धा काढा, कमी नेटवर ते पान उगाच अडून बसतं. खाली नेटवर्क अँड डिस्क स्पेसमध्ये ऑफलाइनची सेटिंग्ज आहेत. सुरू होताना विचारा असं तिथे निवडलेलं असेल तर बदलून नेहमी ऑनलाइन करा. फोल्डर कॉम्पॅक्ट करायचे का, म्हणजे काढून टाकलेल्या मेलची जागा मोकळी करायची का, हा प्रश्नही अधूनमधून सुरुवातीलाच येतो. तो त्याच पानावरून आपोआप होऊ दे असा करता येतो.

प्रायमरी पासवर्डचं, म्हणजे थंडरबर्डमध्ये साठवलेल्या पासवर्डांना कुलूप लावणाऱ्या पासवर्डचं, मात्र नीट विचार करून ठरवा. तो लावलेला असेल तर थंडरबर्ड सुरू झाल्या झाल्या तो मागणार आणि मग गुपचूप सुरू होणं जमणार नाही. काढलात तर त्या विंडोज खात्यात बसलेल्या कोणाच्याही हाती साठवलेले पासवर्ड लागू शकतात. तुमचा संगणक पडवीत, पाहुण्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर असणार. मी असं करीन: प्रायमरी पासवर्ड काढीन, पण विंडोजच्या खात्याला पक्का पासवर्ड ठेवीन, उठताना विंडोज आणि एल दाबून कुलूप लावायची सवय घरातल्या सगळ्यांना लावीन, आणि पाहुण्यांना तिकीट छापायला वगैरे संगणक द्यावा लागत असेल तर त्यांच्यासाठी वेगळं खातं करीन. पासपोर्टच्या प्रती ज्या संगणकात आहेत तो उघडा सोडायचा नाही, मेलसाठी तर नाहीच.

अकाउंट सेटिंग्जमधल्या सर्व्हर सेटिंग्जमध्ये तीन खुणा असू द्यात: सुरू होताच नवी मेल बघा, दर १० मिनिटांनी बघा, आणि खातं आयमॅप प्रकारचं (मेल सर्व्हरवरच ठेवणारं) असेल तर नवी मेल आली की सर्व्हरला लगेच कळवू द्या. राउटरने कधी जास्त वेळ घेतला तरी पुढच्या फेरीत मेल येईल. सूचना आणि आवाज जनरलमधल्या इनकमिंग मेल्सखाली चालू करा. विंडोजचं डू नॉट डिस्टर्ब चालू असेल तर सूचना दिसत नाही, तेही बघून घ्या.

आउटलुकवाले हे वाचत असतील तर जुन्या, म्हणजे क्लासिक आउटलुकला शॉर्टकटची आणि शेड्यूलरची हीच रीत चालते. ट्रेमधल्या त्याच्या चिन्हावर राइट क्लिक करून हाइड व्हेन मिनिमाइज्डवर खूण करा. कंट्रोल पॅनलमधल्या मेलमध्ये जाऊन नेहमी हेच प्रोफाइल वापरा असं ठरवून द्या, नाहीतर प्रोफाइलची चौकट पुढे येते. लाइट गेल्यामुळे आउटलुक अर्धवट बंद झाला तर मागच्या वेळच्या खिडक्या पुन्हा उघडू का, असं तो विचारतो. ऑप्शन्समध्ये जनरलच्या तळाशी त्या कधीच उघडू नका असं निवडता येतं. नवं आउटलुक स्टोअरच्या ॲपसारखं बसवलेलं असतं आणि त्याच्या शॉर्टकटला रनची ओळच बदलता येत नाही. गुपचूप सुरू होणं महत्त्वाचं असेल तर मी क्लासिक किंवा थंडरबर्डच सुचवतो.

विंडोजऐवजी उबुंटू लिनक्स वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात: स्टार्टअप ॲप्लिकेशन्समध्ये थंडरबर्ड घाला आणि आज्ञेच्या आधी स्लीप लावून उशीर द्या. खिडकी लपवण्यासाठी तिथे बर्डट्रेसारख्या वेगळ्या प्रोग्रामची मदत लागू शकते.

लाइट आल्यावर संगणक आपोआप चालू व्हावा, असंही तुम्ही विचारलंय. ते विंडोजमध्ये नसून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या संगणकाच्या मूळ सेटिंग्जमध्ये असतं, बहुधा एसी पॉवर लॉस अशा नावाखाली. पण यूपीएस नसेल तर ते करू नका. पावसात लाइट दहा मिनिटांत चार वेळा जाते-येते आणि संगणक प्रत्येक वेळी अर्धा उठून पडतो. डिस्कला आणि थंडरबर्डच्या मेलच्या फाइल्सना हे चांगलं नाही. शिवाय चालू झाला तरी पासवर्ड टाकून कोणी आत गेल्याशिवाय ॲट लॉग ऑनचं काम सुरू होत नाही. त्यासाठी पासवर्डशिवाय आपोआप आत जाण्याची सोय करायला मी सांगणार नाही, कारण वर पासपोर्टबद्दल लिहिलं तेच. लाइट आली की घरातल्या कोणीतरी जाऊन पासवर्ड टाकायचा, एवढं माणसाकडे राहू द्या.

सगळं झाल्यावर तपासताना नुसतं रीस्टार्ट करू नका, कारण तेव्हा राउटर चालूच असतो. आधी संगणक नेहमीसारखा बंद करा. मग राउटरचं बटण बंद करून दोन्ही एकाच वेळी चालू करा. पासवर्ड टाका, नोटपॅड उघडून त्यात काहीतरी टाइप करत राहा. तीन-चार मिनिटांत ट्रेमध्ये थंडरबर्डचं चिन्ह आलं आणि तुमचं एकही अक्षर नोटपॅडबाहेर गेलं नाही, तर मोबाइलवरून स्वतःलाच एक मेल पाठवा. सूचना आली की काम झालं. आली नाही तर शेड्यूलरमध्ये त्या कामाच्या ओळीत लास्ट रन रिझल्टसमोर काय लिहिलंय ते मला कळवा.